गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीचे प्रवाळ टाकीत रूपांतर: पुण्यातील नवशिक्यांसाठी

तीन फुटांची काचेची टाकी वर्ष-दोन वर्षे नीट चालली, मॉली आणि गप्पी पिले देऊ लागले आणि एंजल तळहाताएवढे झाले, की हौशी मत्स्यपालकाची नजर दुकानातल्या निळ्या उजेडाच्या, खाऱ्या पाण्यातील प्रवाळ टाकीकडे वळू लागते. तिथला विदूषक मासा (क्लाउनफिश) पाहून पहिला प्रश्न येतो तो हाच, की आपल्या टाकीत मीठ घातले तर चालेल का. टाकी चालते, मात्र टाकीतील जवळजवळ काहीही चालत नाही. तळ, गाळणी, दिवे, पाणी बनवण्याची पद्धत आणि माशांमागे अदृश्यपणे राबणारे जिवाणू हे सारे नव्याने उभे करावे लागते. ज्याने हे आधी मान्य केले त्याचा पैसा योग्य क्रमाने खर्च होतो. माझ्या मते हा क्रम पाणी, तापमान, वीज आणि सर्वांत शेवटी प्राणी असाच असावा, आणि पुण्यात तर त्यात अदलाबदल करूच नये.

जुन्यातले काय ठेवावे

काचेची टाकी, लाकडी स्टँड आणि हीटर ठेवता येतात. रंगीत खडी, नदीची वाळू, लाकूड आणि वनस्पती काढून टाकाव्यात. टाकीवर धातूची चौकट किंवा पत्र्याचे झाकण असेल तर तेही काढावे, कारण खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी ते काही महिन्यांत गंजते आणि तो गंज पाण्यात उतरतो.

तांब्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर किंवा गोगलगायी मारण्यासाठी वापरली जाणारी बरीच औषधे तांबेयुक्त असतात. माशाला सहन होणारी तांब्याची मात्रा कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना मारक ठरते. वाळू आणि दगड तांबे धरून ठेवतात आणि पुढे सावकाश सोडत राहतात, त्यामुळे जुना दगड "धुऊन" वापरण्याच्या फंदात पडू नये. रिकामी टाकी पांढऱ्या व्हिनेगरने पुसून, साबण न लावता स्वच्छ धुवावी आणि पाणी भरून दोन-तीन दिवसांनी तांब्याची चाचणी करून घ्यावी.

जुने मासे ओळखीच्या मत्स्यपालकाला किंवा दुकानदाराला द्यावेत. पाषाण तलावात, खडकवासल्याच्या पाण्यात किंवा मुठेत ते सोडू नयेत. सकर मासा देशातील अनेक जलाशयांत पसरला तो अशाच सोडून दिलेल्या माशांमुळे. जुने मासे देऊन टाकण्याला अपवाद एकट्या मॉलीचा. मॉली निमखाऱ्या पाण्यातही राहणारा मासा असल्याने आठवडाभरात क्षारता हळूहळू वाढवत नेली तर तो समुद्री पाण्यात सुखाने जगतो आणि शेवाळही खातो. जुन्या टाकीतील एखादा रहिवासी नव्या टाकीत नेण्याची इच्छा असेल, तर तो मान काळ्या मॉलीला द्यावा.

जागा आणि वजन

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीचे आकारमान सुमारे 190 लिटर होते. दगड आणि वाळू गेल्यावर प्रत्यक्ष पाणी साधारण 150 लिटर उरते, आणि पुढील सर्व आकडे त्याच हिशेबाने दिले आहेत. काच, दगड, स्टँड आणि खालची गाळणीची टाकी धरून एकूण भार तीनशे किलोच्या पुढे जातो. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत ती भिंतीलगत, शक्यतो तुळईजवळ ठेवावी. पेठांतील जुन्या वाड्यात लाकडी तुळयांवरच्या मजल्यावर टाकी ठेवायची असेल, तर आधी जाणकार अभियंत्याला दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नये. थेट ऊन येणारी पश्चिमेची खिडकी टाळावी.

खारे पाणी वीज चांगली वाहून नेते. त्यामुळे टाकीच्या बोर्डाला गळतीरोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, असलाच पाहिजे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झुकवून मगच वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकते.

पाणी

या विषयावर जेवढा वेळ द्यावा तेवढा थोडा आहे. गोड्या पाण्याच्या टाकीत नळाचे पाणी एक रात्र ठेवून किंवा क्लोरीन घालवण्याचे थेंब टाकून काम भागते, प्रवाळ टाकीत मात्र ते भागत नाही. पुणे महापालिकेचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते व तुलनेने मृदू असते. तरीही त्यात क्लोरीन, सिलिकेट आणि थोडेफार नायट्रेट-फॉस्फेट असतेच, आणि पावसाळ्यात गढूळपणाही वाढतो. वाघोली, उंड्री किंवा तशाच वाढत्या उपनगरांत जिथे सोसायटी बोअरवेल आणि टँकरवर चालते, तिथे क्षार काही पटींनी जास्त असू शकतात आणि एका टँकरचे पाणी दुसऱ्यासारखे असेलच असे नाही. त्यामुळे पहिली खरेदी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या मीटरची करावी.

स्वयंपाकघरातील आरओ यंत्र निम्मे काम करते. त्याचा पडदा साधारण 90 ते 95 टक्के क्षार अडवतो, म्हणजे 500 टीडीएसचे पाणी आत गेले तर 25 ते 50 टीडीएसचे बाहेर येते. परंतु पिण्याच्या यंत्रात चवीसाठी दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या असतात: एक टीडीएस कंट्रोलर, जो थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळतो, आणि दुसरे खनिजे घालणारे काडतूस. टाकीसाठी पाणी या दोन्हींच्या आधीच वेगळे काढावे लागते आणि मग उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनच्या काडतुसातून सोडून शून्य टीडीएसपर्यंत आणावे लागते. रंग बदलणारे रेझिन घेतले तर ते संपल्याचे डोळ्यांनी कळते. घरच्या यंत्राशी खटपट करण्यापेक्षा टाकीसाठी वेगळे छोटे आरओ-डीआय युनिट बसवणे मला अधिक बरे वाटते, कारण घरातील इतरांच्या पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध राहत नाही आणि वादही होत नाहीत. बाहेर पडणारे वाया पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावे. एप्रिल-मे महिन्यांत पाणीकपात सुरू झाली की त्याचे मोल कळते.

अशा शून्य टीडीएस पाण्यात प्रवाळ टाकीसाठी बनवलेले समुद्री मीठ मिसळायचे. खडेमीठ, सैंधव किंवा आयोडीनयुक्त मीठ चालत नाही, कारण समुद्रात नुसते मीठ नसून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि कार्बोनेट ठरावीक प्रमाणात असतात आणि प्रवाळ त्यांवरच जगतो. 150 लिटरला साडेपाच ते सहा किलो मीठ लागते. मीठ नेहमी पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये. झाकणाच्या स्वच्छ पिंपात छोटा पंप लावून काही तास ते एक दिवस फिरवावे आणि मगच मोजावे. क्षारता 35 भाग प्रतिहजार, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026 असावे. मोजण्यासाठी काचेचा तरंगता हायड्रोमीटर न घेता प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो साध्या पाण्यावर न जुळवता 35 भागांच्या प्रमाण द्रावणावर जुळवावा.

अलिबाग किंवा काशीदहून कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणण्याची कल्पना पुण्यात बऱ्याच जणांना सुचते. किनाऱ्याजवळचे ते पाणी गाळाचे असते, त्यात बोटींचे तेल आणि गावांचे सांडपाणी मिसळलेले असू शकते, आणि पावसाळ्यात खाड्यांच्या गोड्या पाण्यामुळे त्याची क्षारता बरीच खाली येते. घाट चढून आणलेल्या त्या पाण्यापेक्षा पिंपात घरी बनवलेले पाणी कितीतरी विश्वासार्ह असते.

आता बाष्पीभवन. पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. 150 लिटरमधून 5 लिटर उडाले तर 35 ची क्षारता 36.2 होते. म्हणून रोजची भर नेहमी शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याने घालावी. खाऱ्या पाण्याने घातली तर क्षारता चढतच जाते. मार्च ते मे पुण्याची हवा इतकी कोरडी असते की टाकीवर पंखा असल्यास दिवसाला काही लिटर पाणी सहज उडते. आपोआप भर घालणारे, फ्लोट किंवा सेन्सरवर चालणारे यंत्र ही चैन वाटते, पण नोकरी करणाऱ्या माणसासाठी ती गरजच आहे.

दगड, वाळू आणि कायदा

प्रवाळ टाकीचा खरा फिल्टर म्हणजे सच्छिद्र दगड. त्याच्या छिद्रांत जिवाणू वसतात. साधारण 15 ते 18 किलो दगड या टाकीला पुरतो आणि तो वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर रचून मग भोवती वाळू घालावी, म्हणजे वाळू उकरणाऱ्या प्राण्यांमुळे ढिगारा कोसळत नाही. वाळू अ‍ॅरॅगोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची), एक-दीड इंच जाडीची असावी.

येथे थांबून कायदा समजून घेणे आवश्यक आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सर्व कठीण, म्हणजे खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे; समुद्रघोडे आणि समुद्री काकडीही त्यात आहेत. हे संरक्षण जिवंत प्राण्यापुरते नाही, तर प्रवाळाच्या तोडलेल्या, मेलेल्या तुकड्यालाही लागू होते. त्यामुळे "लक्षद्वीपचा अस्सल लाइव्ह रॉक" असे सांगून कोणी दगड विकत असेल तर तो घेऊ नये. सिरॅमिकचे किंवा सिमेंट-अ‍ॅरॅगोनाइटचे बनवलेले कृत्रिम दगड मिळतात. ते घ्यावेत आणि पक्के बिल जपून ठेवावे. 2022 च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातील, म्हणजे साइट्स यादीतील, जिवंत प्राणी बाळगण्याची नोंदणीही कायद्यात आणली आहे, आणि कठीण प्रवाळ त्या यादीत आहेत. विक्रेता "बाहेरून आणलेले आहे" असे म्हणाला तर आयातीचे कागद मागावेत. ते नसतील तर वस्तू तिथेच ठेवून यावे.

नवशिक्याचे यात नुकसान काहीच नाही. मश्रूम, झोअँथस, लेदर आणि झेनिया हे मऊ गटातले प्राणी कठीण प्रवाळांपेक्षा सोशिक असतात, आणि डुलणारी टाकी दिसते ती त्यांच्यामुळेच.

उपकरणे

प्रोटीन स्किमर हे गोड्या पाण्यातील माणसाला अपरिचित यंत्र आहे. खाऱ्या पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे तयार होतात आणि सेंद्रिय घाण त्यांना चिकटून तपकिरी फेसाच्या रूपाने वरच्या पेल्यात जमते. खाली वेगळी गाळणीची टाकी ठेवण्याची तयारी नसेल तर काचेला टांगता येणारा स्किमर घ्यावा. खालची टाकी ठेवल्यास वीज गेल्यावर वरून किती पाणी उतरते ते पंप मुद्दाम बंद करून पाहावे आणि तेवढी जागा त्यात रिकामी राखावी. अन्यथा पहिल्याच खंडित पुरवठ्याला फरशीवर मीठपाणी येते.

प्रवाहासाठी दोन छोटे वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढकलणारे पंप, समोरासमोर लावावेत. मऊ प्रवाळांसाठी टाकीतील पाणी तासाला पंधरा-वीस वेळा फिरेल एवढी त्यांची एकत्रित क्षमता पुरते. दिवा निळ्या-पांढऱ्या एलईडीचा, रीफसाठी बनवलेला असावा, कारण प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रामुख्याने निळ्या प्रकाशावर त्याला अन्न पुरवतात. दिवसाला आठ-नऊ तास टायमरवर पुरेत.

तापमान आणि वीज

पाणी 25 ते 27 अंश सेल्सिअस ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट 10 अंशांच्या आसपास जाते तेव्हा हीटर ते सांभाळतो. कठीण काळ एप्रिल-मेचा. बाहेर 38 ते 40 अंश असताना बंद सदनिकेत टाकीचे पाणी पंप आणि दिव्यांच्या उष्णतेसह 31-32 पर्यंत जाते, आणि प्रवाळ आपली शैवाले बाहेर टाकून पांढरे पडू लागतात. पृष्ठभागावर फुंकर घालणारे छोटे पंखे पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतात. हवा कोरडी असल्यामुळे उन्हाळ्यात ते पुण्यात चांगले चालतात, पावसाळ्यात दमट हवेत तेवढे नाहीत. वरच्या मजल्यावर, गच्चीखाली राहणाऱ्याने मात्र पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, म्हणजे चिलरचा, खर्च आधीच धरावा. तो बहुधा टाकीपेक्षा महाग पडतो आणि नंतर घ्यावा लागला तर अधिकच बोचतो.

गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणे पुणेकरांना नवे नाही. गोड्या पाण्याची टाकी तीन-चार तास पंपाविना तग धरते. खाऱ्या व उबदार पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, म्हणून निदान एक वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर टाकावा, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. हीटर आणि चिलर इन्व्हर्टरवर घेऊ नयेत.

नायट्रोजन चक्र

दगड, वाळू आणि खारे पाणी टाकीत आल्यावर प्राणी न घालता चार ते सहा आठवडे थांबायचे असते, म्हणजे विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडात वाढतात. जुन्या फिल्टरचा स्पंज आणून हे टाळता येईल असे वाटते, पण गोड्या पाण्यात वाढलेले जिवाणू खाऱ्या पाण्यात टाकताच काम करत नाहीत. अमोनियाचा स्रोत म्हणून काही जण कोळंबीचा तुकडा टाकतात. घरात वास सुटतो आणि मात्रेचा अंदाज लागत नाही. त्यापेक्षा प्रयोगशाळेच्या दर्जाचे अमोनियम क्लोराइड घ्यावे, 150 लिटरला सुमारे 1 ग्रॅम, म्हणजे पाण्यात अमोनिया साधारण 2 पीपीएम (दशलक्षात दोन भाग) होतो. किराणा दुकानातला नवसागर रसायन म्हणून तोच असला तरी शुद्धतेची खात्री नसल्याने वापरू नये. सोबत बाटलीतले समुद्री जिवाणू घातले तर काळ कमी होतो.

एक-दोन आठवड्यांत अमोनिया उतरून नायट्राइट चढतो, मग तोही उतरून नायट्रेट दिसू लागतो. 2 पीपीएम अमोनिया घालून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, की चक्र पूर्ण झाले. इथे घाई करणे गोड्या पाण्यापेक्षा महाग पडते, आणि त्याचे कारण पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता, आहे. अमोनियाचा विषारी भाग पीएच 7 ला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तर समुद्री पाण्याच्या 8.2 पीएचला तो सुमारे दहापट होतो.

चक्र संपल्यावर एक मोठे पाणीबदल करून नायट्रेट खाली आणावा. त्यानंतर काही आठवडे वाळूवर तपकिरी थर चढतो, मग हिरवे तंतू येतात. या काळात शेवाळनाशक रसायनांकडे वळू नये. पाणी शून्य टीडीएसचे असेल आणि खाणे मोजके असेल तर हे थर आपोआप मागे हटतात. आता चार-पाच शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी आणाव्यात.

मासे

पहिला मासा विदूषक. प्रजनन केंद्रातला मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण तो समुद्रातून पकडलेला नसतो, टाकीतले अन्न लगेच खातो आणि त्याच्यावर परजीवी कमी असतात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम येथील केंद्राने त्याच्या प्रजननाचे तंत्र बसवले आहे, आणि महाराष्ट्रात ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठाननेही असा प्रकल्प उभा केला आहे. त्याला समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) लागतेच असा समज आहे. टाकीत त्याची गरज नसते, आणि समुद्रफूल टाकी वर्षभराची होईपर्यंत आणूही नये.

या आकाराच्या टाकीत विदूषकांची एक जोडी, एक फायरफिश आणि एखादा लहान गोबी एवढेच पुरे. निळा टँग सिनेमामुळे मुलांना हवा असतो, पण तो फूटभर वाढतो आणि त्याला याच्या कित्येक पट मोठी टाकी लागते. मँडरिन मासा सूक्ष्म जिवंत प्राण्यांवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. डॅमसेल स्वस्त मिळतो म्हणून आणला तर पुढे येणाऱ्या प्रत्येकाला छळतो.

मुंबईहून पिशवीत आलेला मासा उतरवताना दुकानाची क्षारता विचारून घ्यावी. परजीवी कमी राहावेत म्हणून काही विक्रेते ती मुद्दाम कमी ठेवतात. वेगळ्या छोट्या क्वारंटाइन टाकीची क्षारता तेवढीच करून मासा त्यात लवकर सोडावा आणि मग चार आठवड्यांत क्षारता वाढवत न्यावी. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो. पिशवी उघडून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी घालत बसले तर पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. समुद्री पांढरे ठिपके मुख्य टाकीत शिरले तर टाकी साधारण अडीच महिने माशांविना ठेवावी लागते, त्यामुळे क्वारंटाइनचे चार आठवडे स्वस्तच म्हणायचे. तांब्याचे औषध फक्त त्या छोट्या टाकीत वापरावे.

प्रवाळ

टाकी तीन-चार महिन्यांची झाल्यावर मश्रूम आणि लेदर आणावेत. त्या वेळी अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटची मात्रा; डीकेएच हे तिचे एकक) 8 ते 9 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम, नायट्रेट 2 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असावा. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्य करण्याचा हव्यास नसावा. प्रवाळ उपाशी राहतात आणि चिकट, बुडबुड्यांचे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव माजतात. नवा प्रवाळ आधी खाली, मंद उजेडात ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत वर न्यावा.

झोअँथस आणि त्याच्या जातकुळीतील काही प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, हातावर जखम असेल तर हात घालूच नये, आणि असे प्राणी लागलेला दगड कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने घासू नये, कारण त्या वाफेने घरातील माणसे दवाखान्यात पोहोचू शकतात. लहान मुले असलेल्या घरात झोअँथस न ठेवण्याचा सल्ला मी देईन.

दर आठवड्याचे काम

रोज तापमान पाहावे आणि स्किमरचा पेला तपासावा. आठवड्यातून एकदा 15 लिटर पाणी बदलावे, त्यासाठी साधारण 550 ग्रॅम मीठ लागते. नव्या पाण्याचे तापमान आणि क्षारता टाकीइतकीच असावी. अल्कलिनिटी आठवड्याला मोजून वहीत लिहावी. खोलीत डासांची फवारणी, झुरळांचे औषध किंवा रंगकाम करायचे असेल तर स्किमर आणि हवेचा पंप आधी बंद करावा व खिडक्या उघडाव्यात, कारण ही यंत्रे खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतात. अगरबत्ती आणि धूपही टाकीपासून दूरच बरे.

गणपतीला गावी जाताना शेजाऱ्याच्या हाती खाण्याचा डबा देऊ नये. एकेका दिवसाचे खाणे कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, त्यावर वार लिहून द्यावे, आणि भर घालण्याचे गोडे पाणी व खारे पाणी यांच्या पिंपांवर मोठ्या अक्षरांत नावे चिकटवावीत.